जुनी कट्यार, नवें म्यान

मनुष्य ज्या रस्त्यानें रोज जातो त्या रस्त्यावरील पाटी तो वाचीत नाहीं, असा अनुभव आहे. वाशी येथें एक मोठें नाट्यगृह आहे व त्यास विष्णुदास भावे यांचें नांव दिलेलें आहे. आमच्या शाळेंतील कित्येक मुलें बसच्या खिडकींतून तें नांव नेहमीं पाहतात. परंतु हे विष्णुदास कोण, असें आम्हीं एकदां वर्गांत विचारलें तेव्हां सर्व हात बांकांवरच राहिले. शेवटीं एका मुलानें, ते कोणी पुढारी असावेत, असें भीत भीत सुचविलें. त्याच तासाला 'कट्यार काळजात घुसली' हें नांव मात्र आमच्या तोंडून निघतें न निघतें तोंच निम्म्याहून अधिक हात वर झाले. कोणी ती दूरचित्रवाणीवर पाहिली होती, कोणी मोबाईलवर; एका मुलीला तर त्यांतील गाणीं तोंडपाठ होतीं. "तुम्हीं पाहिलें तें नाटक कीं चित्रपट?" या आमच्या प्रश्नास उत्तर आलें, "चित्रपट, सर. पण त्याचें नाटकही होतें काय?"

हें ऐकून आम्हांस हंसूं आलें नाहीं. आपल्या हातून कांहीं सांगावयाचें राहून गेलें आहे, अशी रुखरुख मात्र लागली. पुढें वार्षिक स्नेहसंमेलनाच्या तयारींत एक प्रसंग घडला व त्यानें ती रुखरुख अधिकच वाढविली. त्याची हकीकत शेवटीं सांगूं. तत्पूर्वीं संगीत नाटक म्हणजे काय, त्याचा चित्रपट होतो तेव्हां त्यांत काय बदलतें, काय उरतें आणि काय वाढतें, याचा थोडा विचार आपण मिळून करूं.

विष्णुदास भावे यांनीं इ. स. १८४३ मध्यें सांगली येथें, तेथील संस्थानिकांच्या आश्रयानें, 'सीतास्वयंवर' हा खेळ करून दाखविला. मराठी रंगभूमीचा आरंभ या खेळापासून मोजण्याची रीत आहे. त्या काळच्या खेळांत सूत्रधारानें पद्यें म्हणावीं आणि पात्रांनीं त्यांच्या अनुरोधानें हावभाव करावे व समयोचित भाषण करावें, अशी पद्धति होती. म्हणजे गाणारा एक आणि त्या गाण्यावर अभिनय करणारा दुसरा. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

या पद्धतींत मोठा पालट केला तो बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास त्यांच्या 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग झाला. त्यांत गाण्याचें काम सूत्रधाराकडून निघून पात्रांकडे आलें. दुष्यंताचें पद दुष्यंतानें म्हणावें, शकुंतलेचें शकुंतलेनें. जो बोलतो तोच गातो, ज्याच्या मनांत दुःख आहे त्याच्याच कंठांतून तें सुरानें बाहेर पडतें, हें प्रेक्षकांस नवीन होतें व तें त्यांस इतकें आवडलें कीं १८८२ मध्यें आलेल्या 'संगीत सौभद्रा'नें तर सारा महाराष्ट्र वेडावला. पुढें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'संगीत मानापमान' १९११ च्या मार्च महिन्यांत रंगभूमीवर आलें. त्यास गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या आणि नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनीं त्यांत भामिनीची भूमिका केली. त्या काळीं स्त्रियांचीं कामें पुरुष करीत, हें विद्यार्थ्यांनीं ऐकलें असेलच.

या नाटकांची एक खूण अशी कीं त्यांचा शेवट घड्याळ पाहून होत नसे. एखादें पद रंगलें म्हणजे प्रेक्षक 'वन्समोअर'चा पुकारा करीत आणि गायक नट तेंच पद पुन्हां म्हणे. परंतु 'तेंच' म्हणावें तरी कसें? दुसऱ्या खेपेस तान निराळी, थांबण्याची जागा निराळी. क्वचित् पहिल्यापेक्षां सरस, क्वचित् फिकी. खेळ रात्रीं सुरू होई आणि पहांटेस संपे. आज प्रयोग कसा झाला हें त्या रात्रीं जे हजर होते त्यांनाच ठाऊक; उद्यांचा प्रयोग उद्यांचा.

यानंतर बोलपट आला. १९३१ मध्यें 'आलम आरा' हा हिंदी व १९३२ मध्यें प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट प्रसिद्ध झाला. थोड्या पैशांत, थोड्या वेळांत, गांवोगांवच्या लोकांस एकच उत्तम खेळ दिसूं लागल्यावर मोठाल्या नाटक मंडळ्यांचा खर्च निघेनासा झाला. स्वतः बालगंधर्वांनीं १९३५ मध्यें प्रभातच्या 'धर्मात्मा' या बोलपटांत एकनाथांची भूमिका केली. पण ते पडद्यावर रमले नाहींत व पुन्हां रंगभूमीकडे वळले. आरंभींच्या बोलपटांत नटनटी स्वतःच गात. पुढें थोड्याच वर्षांत पार्श्वगायनाची युक्ति निघाली. गाणें आधीं ध्वनिमुद्रणालयांत एका चांगल्या गवयाकडून म्हणवून घ्यावयाचें, पसंत न पडल्यास पुनःपुन्हां म्हणवावयाचें, त्यांतील उत्तम तेवढें ठेवावयाचें, आणि मग चित्रण होत असतां तें वाजवून नटानें त्याबरोबर ओठ हलवावयाचे, अशी ही रीत. विचार करून पाहिल्यास विष्णुदासांच्या वेळचीच स्थिति पुनः आली असें दिसेल: गाणारा एक, दिसणारा दुसरा. फरक इतकाच कीं विष्णुदासांचा सूत्रधार प्रेक्षकांसमोर उभा असे, आणि हा नवा सूत्रधार कोणास दिसत नाहीं.

संगीत रंगभूमी मावळली असें लोक म्हणूं लागले असतां १९६० नंतर तिनें पुन्हां एकदां उचल खाल्ली. विद्याधर गोखले यांच्या नाटकांनीं जुना थाट नव्यानें दाखविला. वसंत कानेटकर यांच्या १९६४ मधील 'मत्स्यगंधे'स पंडित जितेंद्र अभिषेकी यांनीं दिलेलें संगीत घरोघर पोहोंचलें. आणि १९६७ सालीं एक विलक्षण योग आला. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत बालगंधर्व निवर्तले व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. जणू एकानें हातांतील दिवा खालीं ठेवला तोंच दुसऱ्यानें तो उचलून घेतला.

हें नाटक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनीं लिहिलें, प्रभाकर पणशीकर यांच्या 'नाट्यसंपदा' संस्थेनें रंगभूमीवर आणलें व अभिषेकीबुवांनीं त्यास संगीत दिलें. कथानक थोडक्यांत असें आहे. विश्रामपूर नांवाच्या एका कल्पित संस्थानांत जो राजगायक होईल त्यास राहावयास हवेली व मानाची एक कट्यार मिळते. त्या कट्यारीनें घडलेला एक खून माफ, असा तिचा अधिकार आहे. पंडित भानुशंकर हे तेथील राजगायक. त्यांची गायकी शांत व सात्त्विक. बरेलीचे खाँसाहेब आफताब हुसेन यांची गायकी तेजस्वी, बिजलीसारखी. पंडितजींपुढें वारंवार हार खाल्ल्यामुळें खाँसाहेबांच्या मनांत शल्य राहिलें आहे. पुढें कट्यार त्यांच्या हातीं येते, पंडितजी हवेली सोडून निघून जातात, आणि पंडितजींकडे शिकण्याच्या आशेनें आलेला सदाशिव नांवाचा तरुण उघड्यावर पडतो. गुरु तर नाहींसा झाला. आतां विद्या कोठून मिळवावी? तो आपली ओळख लपवून खाँसाहेबांच्याच हवेलींत शिरतो आणि ज्यानें आपल्या गुरुस घालविलें त्याचीच गायकी कानांनीं टिपूं लागतो. शेवटीं अहंकार सुरापुढें नमतो. कट्यार हातांत असून ती काळजांत घुसते ती पोलादाची नव्हे, गाण्याची.

यावरून ध्यानांत येईल कीं या नाटकाचा खरा विषय सूड नव्हे. विद्या ही कोणाची मिरास आहे काय, हा त्याचा प्रश्न आहे. एका घराण्याची चीज दुसऱ्याच्या कानीं पडूं नये म्हणून दारें लावून रियाज करणारे गवई पूर्वीं होऊन गेले. त्या बंद दारांशीं उभा राहून ऐकणारा सदाशिव चोर म्हणावा कीं शिष्य, हें नाटककारानें आपणांस विचारलें आहे.

येथें एक लक्षणीय गोष्ट सांगावीशी वाटते. ज्यांनीं हें नाटक उभें केलें ते दोघे थोर कलावंत स्वतःच अनेक दारांशीं उभे राहून शिकलेले होते. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० सालीं वऱ्हाडांत मूर्तिजापूर येथें झाला. नागपुरास शंकरराव सप्रे, लाहोरास असद अली खाँ, पुढें सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, अशा अनेकांपासून त्यांनीं विद्या घेतली; आणि लष्कराच्या हिशेब खात्यांत अनेक वर्षें कारकुनी करीत असतांही ती सोडली नाहीं. अभिषेकीबुवा मूळचे गोव्यांतील मंगेशीचे. त्यांनींही जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला अशा निरनिराळ्या परंपरांच्या गुरूंकडून शिक्षण घेतलें. एकाच घराण्याचा टिळा लावून ते बसले असते, तर पंडितजींची आणि खाँसाहेबांची अशा दोन परस्परविरुद्ध गायकी एकाच नाटकांत इतक्या खऱ्या वाटत्या ना. रंगभूमीवर वसंतराव खाँसाहेब म्हणून बोलत आणि खाँसाहेब म्हणूनच गात. किर्लोस्करांनीं घालून दिलेली ती जुनी वाट तेथें पुन्हां उजळली.

आतां चित्रपटाकडे वळूं. नाटकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनीं, १२ नोव्हेंबर २०१५ रोजीं, दिवाळीच्या पाडव्यास हा चित्रपट प्रदर्शित झाला. सुबोध भावे यांनीं तो दिग्दर्शित केला व सदाशिवाची भूमिकाही केली. दिग्दर्शनाचा हा त्यांचा पहिलाच प्रयत्न होता. सचिन पिळगांवकर खाँसाहेब झाले व गायक शंकर महादेवन पंडितजी झाले. अभिषेकीबुवांचीं कांहीं जुनीं पदें ठेवून त्यांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय या त्रयीनें नवीं गाणीं रचलीं. खाँसाहेबांसाठीं वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गाइले व सदाशिवासाठीं अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे गाइले. या चित्रपटांतील गायनासाठीं महेश काळे यांस उत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या मुलांनीं आजवर एकही राग नांवानिशीं ओळखला नव्हता, तीं या गाण्यांमागें लागलीं, हें आम्हीं आमच्या वर्गांत डोळ्यांनीं पाहिलें आहे.

चित्रपटानें या कथेस जें दिलें तें आधीं मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. पहिली गोष्ट जवळीक. नाट्यगृहांत मागच्या रांगेंत बसलेल्यास नटाचा चेहरा बोटभर दिसतो. पडद्यावर तंबोऱ्याच्या तारेचें कंपन दिसतें, हरलेल्या गवयाची खालीं गेलेली नजर दिसते. दुसरी गोष्ट विस्तार. वाडे, दरबार, नदीचा घाट हें सर्व नाटकांत पडद्यावर रंगवावें लागतें किंवा शब्दांनीं सुचवावें लागतें. चित्रपट तें प्रत्यक्ष दाखवितो. तिसरी गोष्ट कथनाची. येथें खुद्द कट्यारच आपली कहाणी सांगते व तिला रीमा लागू यांचा आवाज आहे. निर्जीव शस्त्रानें माणसांच्या मत्सराकडे पाहावें आणि मान हलवावी, ही कल्पना चित्रपटास शोभते. चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट पोंच. ज्या गांवीं नाट्यगृह नाहीं, जेथें नाटक मंडळी कधीं जावयाची नाहीं, तेथें हें गाणें गेलें.

हरवलें काय, तेंही सांगितलें पाहिजे. चित्रपटाची लांबी एकदां ठरली म्हणजे ठरली. त्यांतील तान कोट्यवधि वेळां ऐकली तरी तशीच येणार. तिला आज सर्दी झालेली नसते, आज समोर कोण बसलें आहे हें तिला ठाऊक नसतें. संगीत नाटकाचा प्राण नेमका याच्या उलट गोष्टींत आहे. गवई सम गांठणार कीं चुकणार, या क्षणभरच्या धाकधुकींत गाणारा आणि ऐकणारा एकत्र बांधलेले असतात. 'वन्समोअर' म्हणजे केवळ स्तुति नव्हे. 'आणखी एकदां जोखीम घे, आम्ही तुझ्याबरोबर आहोंत,' असें तें आश्वासन आहे. पडद्यास कोणी 'वन्समोअर' दिला तर त्याला तो ऐकूं येत नाहीं. दुसरें असें कीं रंगभूमीवर ज्याच्या कपाळावर घाम आहे त्याच्याच गळ्यांत सूर असतो. पडद्यावर घाम एकाचा आणि सूर दुसऱ्याचा, हें कितीही बेमालूम जुळलें तरी जुळविलेलेंच असतें.

मग हा नवा प्रकार हीन समजावा काय? असें म्हणणारे वृद्ध रसिक आम्हांस भेटलेले आहेत. जुन्या नाटकास हात लावूं नये, तें जसें होतें तसेंच ठेवावें, असें त्यांचें मत. त्यांच्या प्रेमाविषयीं आम्हांस आदर आहे. पण हें मत खुद्द 'कट्यारी'च्याच शिकवणुकीस धरून नाहीं असें नम्रपणें म्हणावें लागतें. दार लावून ठेवलेली विद्या त्या नाटकांत हरते, मग त्याच नाटकाला दार लावून कसें चालेल? आणि 'जसें होतें तसें' कधीं काळीं होतें तरी कोठें? किर्लोस्करांनीं सूत्रधाराकडून गाणें काढून घेतलें तेव्हां त्यांनीं विष्णुदासांची रीत मोडलीच होती. अभिषेकीबुवांनीं टेंब्यांच्या चालींची नक्कल केली नाहीं. प्रत्येक पिढीनें मागच्या पिढीचें ऐकलें आणि मग आपल्या तोंडानें गाइलें.

तेव्हां कसोटी ही नव्हे कीं नवा चित्रपट जुन्या नाटकासारखा आहे कीं नाहीं. कसोटी ही कीं त्यानें जुन्याचें नुसतें सोंग घेतलें आहे कीं त्यापासून विद्या घेतली आहे. सदाशिवही आधीं नक्कलच करतो. परंतु खाँसाहेबांची तान जशीच्या तशी उचलून दरबारांत फेंकली असती तर तो त्यांचा प्रतिध्वनि ठरला असता, गायक ठरला नसता. या कसोटीस २०१५ चा चित्रपट उतरतो असें आम्हांस वाटतें. कारण जुन्या पदांपुढें आपलीं नवीं गाणीं उभीं करण्याचें धैर्य त्यानें दाखविलें. जुन्याच्या शेजारीं उभें राहणें ही मोठी जोखीम आहे आणि ती त्यानें पत्करली. त्याच दिग्दर्शकानें पुढें 'संगीत मानापमान' हातीं घेतलें व तो चित्रपट १० जानेवारी २०२५ रोजीं प्रदर्शित झाला. खाडिलकरांच्या नाटकास तोंवर एकशें तेरा वर्षें होऊन गेलीं होतीं. धैर्यधर आणि भामिनी यांचें भांडण आजच्या मुलांस रुचेल कीं नाहीं याविषयीं मतभेद होऊं शकतो. पण मुलांनीं घरीं जाऊन आजीस 'तुझें मानापमान कसें होतें?' असें विचारलें असेल, तर तेवढ्यानेंही त्या श्रमांचें चीज झालें.

येथें कोणी विचारील, 'चित्रपटांतील गाणें मुद्रित आहे म्हणून आपण त्यांत उणेपणा पाहिला. मग मुद्रित गाण्यापासून शिकावें तरी कसें?' या शंकेचें उत्तर राहुल देशपांडे यांच्या उदाहरणांत आहे. वसंतराव १९८३ सालीं वारले तेव्हां हा नातू अवघा तीन वर्षांचा होता. आजोबांसमोर बसून तालीम घेण्याचें भाग्य त्यास लाभलें नाहीं. इतर गुरूंपासून त्यांनीं शिक्षण घेतलें. आजोबांची गायकी मात्र मुख्यतः ध्वनिमुद्रिकांतून त्यांच्या कानीं आली. आणि तरीही पुढें त्यांनीं रंगभूमीवर खाँसाहेबांची तीच भूमिका स्वतः गाऊन केली. बंद दारापलीकडून सदाशिवानें ऐकावें, तसेंच हें नव्हे काय? मृत्यूच्या दारापलीकडून आलेला सूर यंत्रानें धरून ठेवला होता व ऐकणाऱ्यानें तो आपल्या गळ्यांत उतरविला. तेव्हां यंत्र हें शत्रु नव्हे. ध्वनिमुद्रिका गुरु होऊं शकते. तिचा मुखवटा मात्र करूं नये.

हें शेवटचें वाक्य आम्हांस पुस्तकानें शिकविलें नाहीं, मुलांनीं शिकविलें. आतां ती हकीकत.

स्नेहसंमेलनासाठीं नववीच्या मुलांनीं 'कट्यारीं'तील एक प्रवेश बसवावयाचा ठरविला. सदाशिव खाँसाहेबांपुढें गातो, तो प्रसंग. गाणें चित्रपटांतीलच मोबाईलवरून ध्वनिक्षेपकावर लावावयाचें आणि सदाशिव झालेल्या मुलानें ओठ हलवावयाचे, अशी योजना घेऊन मुलें आमच्याकडे आलीं. आम्हीं ती मान्य केली. पाहुणे येणार, पालक येणार, कार्यक्रम बिनचूक व्हावा, हाच विचार त्या वेळीं आमच्या मनांत होता. ज्या शिक्षकानें वर्गांत विष्णुदासांचें नांव विचारून मुलांस निरुत्तर केलें, त्यानेंच मुलांस गाण्याऐवजीं गाण्याचा देखावा करण्यास मोकळीक द्यावी, ही विसंगति आम्हांस तेव्हां दिसली नाहीं. हा दोष सर्वस्वीं आमचाच.

तालमीच्या तिसऱ्या दिवशीं गाणें रंगांत आलें असतां ध्वनिक्षेपकाची तार निसटली. सभागृहांत एकदम शांतता झाली. आमचा सदाशिव डोळे मिटून, हात वर करून, तोंड उघडून उभा होता आणि त्याचे ओठ क्षणभर तसेच हलत राहिले. मग हंशा उसळला. मुलानें डोळे उघडले, त्याला काय झालें तें कळलें, आणि त्याचा चेहरा असा उतरला कीं हंसणारेही वरमले. तो खालीं मान घालून पंखांत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआड, निघून गेला. तेवढ्यांत जिला गाणीं तोंडपाठ होतीं असें वर सांगितलें ती मुलगी, जी या प्रवेशांत उमा झाली होती, उभी होती तेथूनच त्या तुटलेल्या ओळीपासून पुढें गाऊं लागली. साथीस पेटी नाहीं, तबला नाहीं. तिचा आवाज साधा. दुसऱ्या ओळीस तो उतरला आणि वरच्या षड्जास तर पोहोंचलाच नाहीं. परंतु कोणी हंसलें नाहीं. तीं सारीं मुलें, ज्यांनीं ती ओळ शेंकडों वेळां मोबाईलवर ऐकली होती, तीं त्या दिवशीं प्रथमच ती लक्ष देऊन ऐकत होतीं असें आम्हांस दिसलें.

त्या सायंकाळीं आम्हीं मुलांस बोलावून योजना बदलली. गाणें मुद्रित लावावयाचें नाहीं. पूर्ण गाणें जमत नसेल तर चार ओळी म्हणाव्या, चार जमत नसतील तर दोन; पण ज्याचें पात्र त्यानेंच म्हणावें. सदाशिवाचें काम करणारा मुलगा आधीं तयार होईना. "सर, लोक हंसतील," एवढेंच तो म्हणे. त्याला आम्हीं, लोक हंसणार नाहींत, असें खोटें आश्वासन दिलें नाहीं. "हंसले तर थांब, श्वास घे, आणि पुन्हां आरंभ कर," इतकें सांगितलें. पुढें तीन आठवडे त्यानें तें गाणें, चित्रपटांतील आणि जुन्या नाटकांतील गाणींही, कान देऊन ऐकलीं. शाळेच्या संगीत शिक्षकांनीं त्याच्यासाठीं पट्टी दोन स्वरांनीं खालीं घेतली. ज्या यंत्राआड तो लपणार होता, तेंच यंत्र आतां त्याला शिकवीत होतें.

संमेलनाच्या दिवशीं काय झालें? फार मोठें कांहीं झालें नाहीं. मुलगा गाइला. दुसऱ्या ओळीस त्याचा आवाज फाटला. मागच्या बाजूस दोघेतिघे खुदखुदले. तो थांबला. पेटी वाजविणाऱ्या शिक्षकांनीं सूर तसाच धरून ठेवला. त्यानें श्वास घेतला आणि ती ओळ पुन्हां म्हटली. या वेळीं ती नीट आली. टाळ्या नेहमीं पडतात तितक्याच पडल्या व पुढचा कार्यक्रम सुरू झाला. मात्र दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं उभा राहिला आणि विचारूं लागला, "सर, वाशीच्या नाट्यगृहांत अशीं नाटकें लागतात काय? तेथें गाणारा खरोखरच समोर गातो?"

लागतात, रोज नव्हे, पण लागतात. जुनीं संगीत नाटकें नव्या संचांत अधूनमधून होत असतात आणि अशा प्रयोगाची जाहिरात दिसली कीं आम्ही मुलांस घेऊन जाणार आहोंत. चित्रपटही त्यांनीं अवश्य पाहावा, पुनःपुन्हां पाहावा. त्यांतील गायकांचा प्रत्येक सूर कान टवकारून ऐकावा. परंतु ऐकून झाल्यावर यंत्र बंद करावें आणि दोन ओळी आपल्या तोंडानें म्हणून पाहाव्या. त्या बेसूर झाल्या तरी चिंता नाहीं. सदाशिवाचाही पहिला सूर बंद दाराबाहेरच लागला होता. आणि बसच्या खिडकींतून आतां तें नाट्यगृह दिसेल तेव्हां, त्यावर ज्यांचें नांव आहे ते विष्णुदास पुढारी होते कीं आणखी कोणी, हें आमच्या शाळेंतील एका वर्गास तरी ठाऊक असेल.